दोन बोटे माया
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या चिटणीसांचे मला जे पत्र आले त्यात त्यांनी अशी आज्ञा केली होती की, मी आपल्या बाळपणाच्या व संसाराच्या चार आठवणी सांगाव्यात. त्या उद्बोधक असाव्यात, विनोदी असाव्यात आणि वीस मिनिटांत आटोपाव्यात. हे पत्र वाचून मला आमच्या तीर्थरूपांच्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. तेही दीड वार कापड पुढे टाकून म्हणत, "मास्तर, यात सदरा बसवा, पोराची चड्डी बसवा, आणि उरले तर एक पिशवी करा." तीर्थरूप कधी नाही म्हणाले नाहीत. तेव्हा त्यांचा मुलगा ह्या नात्याने मीही नाही म्हणू शकलो नाही. पिशवी निघेल की नाही ते मात्र शेवटी पाहू.

माझा जन्म १९३८ सालचा, कऱ्हाडचा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर व घराच्याच ओटीवर दुकान. दुकान म्हणजे काय, तर पायाचे एक शिवणयंत्र, भिंतीला टेकविलेला लाकडी गज, कोळशाची इस्त्री, एक मोठी कात्री, आणि ह्या सर्वांमध्ये मांडी घालून बसलेले आमचे तीर्थरूप. आम्ही भावंडे पाच. जगात इतरांची मुले विटीदांडू खेळत, तेव्हा आम्ही शिवून झालेल्या कपड्यांतील कच्चे दोरे उपटीत असू. शंभर दोऱ्यांना एक पैसा असा आमचा भाव होता. त्या वेळच्या रुपयात चौसष्ट पैसे असत, हे येथील तरुणांना मुद्दाम सांगतो. नवे पैसे १९५७ साली आले. तेव्हा आमच्या धाकट्या भावाने शंभर दोऱ्यांना दोन नवे पैसे मागितले होते. हिशेब त्याच्या बाजूने होता. पण तीर्थरूपांनी त्याला नवा पैसा न देता जुनी चपराक दिली.

आपल्या ज्ञातीविषयी एक म्हण आहे. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको, असे ती सांगते. म्हण करणाऱ्याचा सदरा कोणी तरी आखूड केला असावा. तीर्थरूपांना ती म्हण इतकी बोचत असे की, बेतून उरलेल्या चिंध्यादेखील ते गिऱ्हाइकाच्या कपड्याबरोबर पुरचुंडीत बांधून परत देत. १९४३ सालापासून कापडावर नियंत्रण आले, लोक कंट्रोलच्या कापडासाठी रांगा लावू लागले, तेव्हा तर चिंधीलाही मोल आले. त्या दिवसांत कित्येक गिऱ्हाइके ती पुरचुंडी आपण होऊन आमच्या मातोश्रींच्या हाती ठेवीत आणि म्हणत, "पोरांना काही करा." त्यातून माझा एक सदरा झाला. त्याची पाठ वकिलांची होती, बाह्या डॉक्टरांच्या होत्या, आणि खिसा गावातील एका सावकारांचा होता. वर्गातील मुले म्हणत, "याच्या खिशात हात घालू नका, व्याज लागेल."

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात निजणे नावाचा प्रकार नसे. सर्व गाव अभ्यंगस्नान करून नवे कपडे घाली, तेव्हा आमच्या घरचे नवे कपडे यंत्राखाली असत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून, पाटावर कुडकुडत, "दादा, माझ्या सदऱ्याची काजे झाली का?" असे विचारणारा मुलगा आपणांपैकी पुष्कळांच्या घरी होऊन गेला असेल. काजे होत, परंतु बटणे भाऊबीजेपर्यंत लागत. बिनबटणाच्या सदऱ्याला आम्ही काटेरी पिन लावून फटाके उडवीत असू.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गिऱ्हाईक आपल्या मुलाला घेऊन दुकानात आले की त्याचे पहिले वाक्य ठरलेले असे : "मास्तर, वाढत्या अंगाचे शिवा." वाढत्या अंगाचे म्हणजे चड्डी गुडघ्याच्या खाली, बाह्या बोटांवर आणि गळ्यात आणखी एक मुलगा मावेल इतकी जागा. पहिले वर्ष मुलगा कपड्यात सापडत नसे. दुसऱ्या वर्षी कपडा त्याच्या मापाचा होई. तिसऱ्या वर्षी तो फाटे. मापाचा कपडा आम्ही तीन वर्षांतून एकदाच घातला. परंतु वाढत्या अंगाचे शिवणे निराळे आणि माया सोडणे निराळे, हे तीर्थरूप आम्हांला नेहमी समजावून सांगत. कपडा बाहेरून ढगळ असणे हे अडाणी काम. बाहेरून कपडा अंगासरशी बसला पाहिजे, आणि शिवणीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशी, दोन बोटे माया राहिली पाहिजे. अंग भरले की टीप उसवावी, माया बाहेर काढावी, नवी टीप घालावी. मराठी भाषेने कापडाच्या ह्या शिल्लक पट्टीला आणि आईच्या काळजाला एकच शब्द दिला, हे काही उगाच नाही. तीर्थरूप म्हणत, "कात्री चालविणे सोपे आहे, कोठे थांबवायची ते कळणे म्हणजे शिंपीकाम."

त्या काळात आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. त्यांच्या लोकांनी गांधी-विवाह नावाची एक चाल पाडली. हुंडा नाही, मानपान नाही, थोडक्या खर्चात कार्य उरकावयाचे. आमच्या एका काकांचे लग्न तसे लागले. त्यांच्या लग्नात नवरदेवाला खादीचा सदरा एवढाच नवा कपडा होता, आणि तो शिवण्याची मजुरी भावाकडून कशी घ्यावयाची म्हणून तीर्थरूपांनी घेतली नाही. ते हसून म्हणाले, "असली लग्ने देशाला चांगली, दुकानाला वाईट." पण घरी आल्यावर मातोश्रींना म्हणाले, "आपल्या पोरांचीही अशीच करू." हुंडाप्रतिबंधाचा कायदा १९६१ साली झाला. आमच्या घरात तो सोळा-सतरा वर्षे आधीच झाला होता, आणि तोही चहाच्या पेल्यावर.

मी मॅट्रिक झालो आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झालो. यामुळे एक घोटाळा उत्पन्न झाला, तो सांगण्यासारखा आहे. आमच्या घरात आता दोन मास्तर झाले, एक कपड्यांचे आणि एक पोरांचा. पंढरपूरच्या एका सुविद्य ज्ञातिबांधवांकडे माझे स्थळ सुचविण्यात आले, तेव्हा मध्यस्थाने इतकेच सांगितले की, "मुलगा मास्तर आहे." मुलीचे आजोबा पुढे खुंटी बळकट करण्यासाठी कऱ्हाडास आले. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "दिवसाला किती काढता?" मी म्हणालो, "चाळीस." माझ्या मनात वर्गातील पोरे होती, त्यांच्या मनात सदरे होते. आजोबा थक्क झाले. "एकट्याने?" त्यांनी विचारले. मी विनयाने म्हणालो, "पाचवी व सहावी एकत्र असली म्हणजे साठदेखील." तेव्हा त्यांनी तीर्थरूपांकडे वळून माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

खरा प्रकार कळला तेव्हा आजोबांचा थोडा हिरमोड झाला. त्या दिवसांत चांगल्या शिंप्याची कमाई शाळामास्तराहून बरी असे. तरीही पत्रिका जुळली आणि आम्ही मुलगी पाहावयास पंढरपुरास गेलो. प्रथम मीटर मापाच्या रुळांवरून मिरजेस, आणि तेथून अरुंद मापाच्या रुळांवरील छोट्या गाडीने पंढरपुरास. तीर्थरूप म्हणाले, "रेल्वेवालेदेखील मापे घेऊनच चालतात, पण त्यांना माया सोडता येत नाही."

मुलगी पाहण्याच्या त्या कार्यक्रमात पोहे झाले, नाव-गाव झाले. आमच्या मातोश्रींनी पिशवीतून एक सदरा काढला आणि मुलीपुढे ठेवून म्हणाल्या, "एवढे एक काज कर पाहू." शिंप्याच्या घरी मुलीला गाणे म्हणावयास सांगत नाहीत, काज करावयास सांगतात. मुलीने सुई ओवली, काज केले आणि सदरा परत दिला. मातोश्रींनी काज उजेडात धरून पाहिले व त्यांचा चेहरा प्रसन्न झाला. मी मात्र सुईकडेच पाहत राहिलो, कारण त्याहून वर पाहण्याची त्या काळी वरास मुभा नव्हती.

मग कोणी तरी रीतीप्रमाणे म्हणाले, "मुलीला काही विचारावयाचे असले तर विचारू दे." हे म्हणावयाचे असते, मुलीने विचारावयाचे नसते. पण तिने विचारले. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, सातवीची फायनल परीक्षा तिने दिली होती आणि पुढे शाळा सुटली होती. ती म्हणाली, "मला पुढे शिकता येईल का?"

बैठकीत एकदम शांतता पसरली. तिच्या आजोबांनी घसा खाकरला. तिच्या मातोश्री दारामागून हलकेच "अगं" असे म्हणाल्या. आमच्याकडील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, आमच्या घरी काम पुष्कळ असते. मी तीर्थरूपांकडे पाहिले. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि ते शांतपणे म्हणाले, "बाळ, आमच्या घरी बेतताना माया सोडण्याची पद्धत आहे. अंग भरले की टीप उसवू."

सभेतील शिंप्यांना ते वाक्य तत्काळ कळले. मुलीलाही कळले, कारण तिने त्या वेळी मान वर केली आणि मला तिचे दर्शन घडले.

१९६२ च्या वैशाखात पंढरपुरासच आमचे लग्न झाले. त्याच सुमारास, १ मे १९६२ रोजी, लोकल बोर्डे जाऊन जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हा एकाच महिन्यात शाळेत आणि घरात, दोन्हीकडे, माझे धनी बदलले. लग्नासाठी तीर्थरूपांनी मला स्वतः कोट शिवला. मी चोवीस वर्षांचा घोडा, तरी त्यांनी आत भरपूर माया सोडली. मी म्हणालो, "दादा, आता कोठे माझे अंग वाढणार?" ते म्हणाले, "लग्नानंतर वाढते." तो कोट आजवर तीनदा उसवून वाढविला आहे.

मंगलाष्टके चालू असताना अंतरपाटाची एका कोपऱ्यातील तुरपाई उसवलेली मला दिसली आणि माझे लक्ष तेथेच गुंतले. भटजी "सावधान" म्हणत होते आणि मी मनात टाके मोजत होतो. पुढे अनेक वर्षांनी मी ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतीस सांगितली. ती म्हणाली, "अहो, मीही तेच पाहत होते. सात टाक्यांचे काम होते." पत्रिकेतील छत्तीस गुणांविषयी मला फारसे कळत नाही, परंतु अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी एकच उसवण पाहावी, यापरते जुळणे कोणते असेल?

दुसऱ्या दिवशी आम्हां उभयतांना देवदर्शनास नेले. आपल्या नामदेवरायांच्या पायरीला आम्ही हात लावला. त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी स्वतः जाऊन त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांना विसावा दिला, अशी आपली परंपरा सांगते. तेथे उभे राहून तीर्थरूपांनी आम्हांला सांगितले की, ह्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण मांडले होते, आणि मग ते उघडले. "आपल्या नामदेवाने सहाशे वर्षे आधी चोखोबाला दारापर्यंत आणून ठेवले होते," ते म्हणाले, "पुढची चार पावले टाकायला लोकांना इतका वेळ लागला." नव्या सुनेला सासऱ्याने केलेला हा पहिला उपदेश होता. मला वाटते, तो तिने माझ्याहून नीट ऐकला.

संसाराविषयी मी फार बोलत नाही, कारण आमची सौभाग्यवती समोर महिलांच्या रांगेत बसली आहे आणि तिच्याजवळ चष्मा आहे. एवढेच सांगतो की, नामदेवांच्या घरीदेखील सर्व सुरळीत नव्हते. हा गृहस्थ विठ्ठलापाशी बसतो आणि घरात दाणा नाही, असे राजाईचे गाऱ्हाणे नामदेवांच्या गाथेतच आले आहे. जेथे संतशिरोमणींची ही कथा, तेथे जिल्हा परिषदेच्या मास्तराने आपल्यावर ठपका आला म्हणून खंत का करावी?

तीर्थरूपांनी दिलेला शब्द मात्र पाळला गेला. पहिला मुलगा झाला, दुसरी मुलगी झाली, आणि तशात १९६७ च्या मार्चमध्ये आमची सौभाग्यवती एस. एस. सी. च्या परीक्षेस बसली. घरातील काही वृद्ध स्त्रियांनी नाके मुरडली. आमच्या मातोश्रींना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु परीक्षेचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होते. रोज मधल्या सुट्टीत तान्ह्या मुलीला पदराआड घेऊन त्या परीक्षेच्या केंद्रापाशी जाऊन बसत. सून बाहेर येऊन मुलीला पाजी व पुन्हा पेपरास जाई. त्या परीक्षेत आमच्या घरचे तीन पिढ्यांचे उमेदवार बसले होते, असे मी म्हणत असे.

त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कऱ्हाडची घरे गदगदा हलली आणि आम्ही सारे रस्त्यावर आलो. कोणी काय घेऊन आले ते मला स्वच्छ आठवते. तीर्थरूपांच्या काखेत गिऱ्हाइकांच्या न शिवलेल्या कपड्यांचे गाठोडे होते. मातोश्रींच्या हातात कंदील होता. सौभाग्यवतीच्या एका खांद्यावर मुलगी होती, दुसऱ्या हातात मुलगा होता, आणि पोटाशी पदरात एस. एस. सी. चे प्रमाणपत्र होते. माझ्या हातात उशी होती. ज्याला जे मोलाचे वाटते ते तो उचलतो, असे शास्त्र आहे. ते माझ्यापुरते लागू करू नये.

पुढे तिने शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, नोकरी धरली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. तीर्थरूप अखेरपर्यंत ओटीवर बसून शिवीत होते. वार जाऊन मीटर आले, तरी त्यांनी कापड मीटरने मोजले व माणूस इंचाने मापला. आजही शिंपी तसेच करतात. तयार कपड्यांच्या पेठा उघडल्या, आणि त्यांच्या माघारी आमची ओटी रिकामी झाली. तयार कपडा उलटा करून पाहा. शिवणीच्या आत करंगळीएवढीही माया नसते. अंग भरले की तो फेकावयाचा, एवढाच त्याला मार्ग.

आपल्या संस्थेच्या वधूवर-सूचक मंडळाचे अर्ज अलीकडे माझ्याकडे वाचावयास येतात. त्यांत मुलाची उंची, मुलीची उंची, वार्षिक प्राप्ती, घराचे क्षेत्रफळ, गाव, परदेशी जाण्याची तयारी, सारे इंचाइंचाने मापलेले असते. मी त्याला नावे ठेवीत नाही. माप घेणे हा आपला धर्मच आहे. परंतु दोन माणसे लग्नानंतरही वाढत असतात. एकाला शिकावेसे वाटते, दुसऱ्याला आजार येतो, कोणाची नोकरी जाते, कोणाचा स्वभाव पन्नाशीत पालटतो. त्या वेळी उसवायला आत काही शिल्लक असावे लागते. अर्जात त्याचा रकाना नाही, आणि तो छापताही येणार नाही. ते काम घरातील वडीलमाणसांचे आहे.

आणि आता शेवटचा टाका. २०१६ साली आमच्या नातीने ज्ञातीबाहेर लग्न केले. आमच्या घरात तेव्हा तीन दिवस बोलणी चालली. कोणी म्हणाले, नातेवाइकांत तोंड कसे दाखवावे. कोणी म्हणाले, धाकट्या नातवंडांची लग्ने अडतील. आमची सौभाग्यवती तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने भाजी निवडता निवडता म्हटले, "मामंजींनी त्या दिवशी बशी खाली ठेवून जे सांगितले, ते फक्त माझ्यापुरते होते का?" बोलणी तेथेच संपली. नातजावई मंगळवेढ्याकडचा आहे. गुणी आहे, आणि विशेष म्हणजे तुटलेले बटण स्वतः लावतो.

आपल्या संस्थेने जी कुटुंबपरिचयाची सूची प्रसिद्ध केली आहे, तीत आमच्या घराच्या पानावर सर्वांची नावे आहेत. ह्या नातीचे नाव नाही. कोणाविषयी माझी तक्रार नाही. ज्ञातीबाहेर गेलेल्या मुलींची नावे गाळण्याचा नियम पूर्वीपासून चालत आला आहे. पण मला कार्यकारी मंडळास नम्रपणे सुचवावयाचे आहे की, पुढील आवृत्तीत आपल्या सर्व मुलींची नावे, त्यांच्या यजमानांच्या व मुलाबाळांच्या नावांसह, यावीत. आपण नामदेवांचे वारस म्हणवितो. ज्यांनी मंगळवेढ्याहून चोखोबांना आणून आपल्या पायरीसमोर ठेवले, त्यांच्या ज्ञातीच्या सूचीत मंगळवेढ्याच्या जावयाला एक ओळ मिळू नये काय? कात्री सर्वांकडेच असते. कापलेले जोडता येत नाही, म्हणून आधीच माया सोडावयाची, एवढे शहाणपण जगाला शिकविण्याचा अधिकार शिंप्याहून अधिक कोणाला आहे?

ह्या सूचनेवर आपण पोक्तपणे विचार करावा. निर्णय माझ्या हयातीत झाला तर आनंद आहे. न झाला तरी आमच्या सौभाग्यवतीने पाठपुरावा करण्याचे ठरविले आहे, आणि तिच्याशी गाठ आहे हे चिटणीसांनी ध्यानात ठेवावे.

दीड वार कापडातून सदरा झाला, चड्डी झाली, आणि मला वाटते, एक लहानशी पिशवीही निघाली.  येथे जमलेल्या सर्व लहानथोरांचे संसार अंगासरशी बसोत आणि त्यांच्या शिवणीत सदैव दोन बोटे माया राहो, अशी श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.